पाहिलंस, का ऐकलंस?

कमल केलर हे नाव आधी सांगून टाकते. मागून सांगेन म्हटलं तर मी माझंच रडगाणं लांबवत बसेन आणि बाई राहूनच जातील. माझी नोकरी राहिली ती त्यांच्यामुळे. फ्राऊ लिंडनर नावाच्या एक्याण्णव वर्षांच्या आजी आज पुन्हा पावाच्या कडा चावून खातात, तेही त्यांच्यामुळेच, जरी फ्राऊ लिंडनरना त्याचा पत्ता नाही. आणि नववीत शाळा सोडलेली मी आज हे कागद पुढ्यात घेऊन बसले आहे, यातही हात त्यांचाच. आता काय झालं ते सांगते.

न्युरेम्बर्गच्या एका वृद्धाश्रमात, दुसऱ्या मजल्यावर, मी मदतनीस आहे. अंघोळी घालायच्या, कपडे बदलायचे, भरवायचं, हात धरून फिरवायचं. आमचे हे इथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. त्यांच्यामागून मी आले. कोरेगावला वडील गेले तेव्हा मी नववीत होते आणि घरात थोरली. वर्ष अर्ध्यात सोडून शिवणाच्या कारखान्यात बसले ती बसलेच. त्यामुळे कागद समोर आला की अजूनही मी आधी तो उलटा करून ठेवते. जर्मनची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले, तीही कशी, ते देवाला माहीत. म्हाताऱ्या माणसांची सेवा मला जमते, हात हलका आहे असं सगळे म्हणतात. पण या देशात सेवा करून भागत नाही. पाळी संपली की प्रत्येकाबद्दल टॅबवर दोन-तीन ओळी लिहायच्या: काय खाल्लं, कसे होते, काय बोलले. मी सहा वाक्यं पाठ केली होती. त्यातलं माझं लाडकं वाक्य होतं, 'समाधानी होत्या, चांगलं जेवल्या.'

नोकरीला लागून तिसरा आठवडा असेल. बारा नंबरच्या खोलीत हेर केलर राहत; इथं पुरुषाला हेर म्हणतात, बाईला फ्राऊ. उंच, हाडापेरानं मोठे गोरे आजोबा, डोक्यातलं सगळं हळूहळू पुसत चाललेलं. त्यांचे केस विंचरता विंचरता माझा टॅब कुठं ठेवला ते मला आठवेना. मी आपली तोंडातल्या तोंडात, "अगं बाई, गेला कुठं मेला, आता ती फ्राऊ बाउअर जीव घेईल माझा."

फ्राऊ बाउअर म्हणजे आमच्या मजल्याची प्रमुख.

दारातून आवाज आला, "ॲप्रनच्या खिशात बघ. आणि फ्राऊ बाउअर जीव घेत नाही. लेखी खुलासा घेते."

मी दचकले ती कंगवा हेर केलरांच्या कानात. दारात एक बुटकी, सावळी बाई उभी. वय अठ्ठ्याहत्तर, हे नंतर कळलं. पांढऱ्या केसांचा बॉयकट, अंगात बाटलीहिरवा कोट, कपाळावर पेन्सिलीच्या टोकाएवढी टिकली. टॅब खिशातच होता.

"काकू, तुम्ही..."

"काकू नाही. आजी म्हणालीस तर बोलणारच नाही. बाई म्हण. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, सगळी पोरं 'फ्राऊ केलर, फ्राऊ केलर'. नुसतं 'बाई' कुणी म्हटलंच नाही. माझी तेवढी हौस राहिली आहे."

मग मी त्यांना बाई म्हणू लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, गरम चहाचा पहिला घोट घेतल्यासारखे.

बाई मूळच्या मिरजेच्या. संस्कृत घेऊन बी.ए. झाल्या आणि पुढचं संस्कृत शिकायला जर्मनीत आल्या. मिरज सोडून संस्कृतसाठी जर्मनी, यावर त्यांच्या वडिलांनी म्हणे दोन दिवस विचार केला होता. इथं आल्यावर विद्यापीठ म्हणालं, आधी लॅटिन करा. ते करता करता त्या लॅटिनच्याच होऊन गेल्या. शाळेत लॅटिन आणि इतिहास शिकवला. हेर केलर ट्रामच्या ब्रेकचे इंजिनिअर. "आमच्या डीटरला माझ्या विषयातलं पन्नास वर्षांत अक्षर कळलं नाही," त्या म्हणायच्या. "आणि मला ब्रेकमधलं. म्हणून गाडी चालली."

दुपारी दोन दहाच्या बसनं त्या रोज यायच्या. खोलीत शिरताना बूट काढून नवऱ्याच्या पलंगाखाली ठेवलेल्या सपाता घालायच्या. स्टीलच्या डबीतून गुळपापडीची एक वडी काढून तिचे आठ तुकडे करायच्या, आणि एकेक तुकडा देताना एकेक पान वाचायच्या. मोठ्यानं, लॅटिनमध्ये. रोमन इतिहासकारांची जुनी, कापडी बांधणीची पुस्तकं. हेर केलर ऐकायचे. कळत काहीच नव्हतं, पण आवाजाच्या चढउतारावर मान हलायची.

त्या इतिहासकारांची खरी नावं बाईंनी मला सांगितली होती, पण त्यांनी ठेवलेल्या नावांपुढं ती माझ्या ध्यानात राहिली नाहीत. एक होता 'कडवट', एक 'चावट', आणि एक 'आजोबा'. बाई त्यांच्याबद्दल अशा बोलायच्या, जणू हे तिघं मिरजेत त्यांच्या आळीत राहत होते.

"आजोबांना वाटतं, आपल्या पणजोबांच्या काळी सगळे शूर आणि खरं बोलणारे होते. आता सगळे बिघडले. दोन हजार वर्षांपूर्वी म्हणतोय हां हे. चावटाला राज्यकारभाराशी काही घेणं नाही. सम्राट जेवला काय, झोपला कुणाजवळ, टकलावर केस कसे ओढून घेत होता, याच्यात सगळा जीव. आणि कडवट! तो स्वतः काही म्हणत नाही. 'काही लोक म्हणतात, त्यानंच विष दिलं. काही म्हणतात, नाही दिलं.' असं लिहून पुढं जातो. पण विष वाचणाऱ्याच्या पोटात गेलं ना?"

"आमच्या चुलतसासूबाई असंच बोलतात," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर! त्यांनी लिहून ठेवायला हवं होतं. आज आपण त्यांना शिकवलं असतं."

लढायांची वर्णनं आली की बाई मधेच थांबून हसायच्या. शत्रूचे मेलेले हजारांनी, आपले बोटांवर मोजण्याइतके. "मोजले कुणी? हरलेला पळाला, जिंकलेला लुटीच्या मागं लागला. आल्झो, मग वही घेऊन रणात फिरत कोण होतं?" आणि मग त्यांची ती खूण. उजव्या हाताचं बोट आधी डोळ्याखाली टेकवायचं, मग कानाच्या पाळीला, आणि भुवया वर. पाहिलंस, का ऐकलंस? शाळेत त्यांना म्हणे बोलावंच लागायचं नाही. पोरगा उत्तर द्यायला उभा राहिला की बाईंचं बोट डोळ्याखाली गेलेलं असायचं.

ही खूण त्या कुणालाही करायच्या, यात त्यांची काही मैत्री गेली असावी. सप्टेंबरात इथल्या मराठी लोकांच्या गणपतीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. पुण्याहून नवीन आलेला एक सॉफ्टवेअरवाला माइक घेऊन बोलत होता. जर्मन माणूस कसा शिस्तीचा, कसा वक्तशीर, खोटं बोलत नाही, आपण यांच्याकडून शिकलं पाहिजे. सगळे माना डोलवत होते. बाई उठल्या.

"किती दिवस झाले येऊन?"

"चार महिने, काकू."

"आज इथं कशानं आलात?"

"गाडीनं."

"वेळेवर होती?"

तो बिचारा हसला. "नाही, चाळीस मिनिटं..."

"बसा," बाई म्हणाल्या. मग त्यालाच मोदक देताना समजावलं, "तुमचा दोष नाही हो. आमच्या कडवटानं या जर्मनांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते किती साधे, किती एकनिष्ठ, त्यांच्या बायका किती करारी. तो इथं कधी आला होता याचा काही पुरावा नाही. त्याला आपल्या रोमच्या लोकांना टोमणा मारायचा होता, तेवढ्यासाठी जर्मन चांगले. तुम्हीही घरी फोनवर तेच करता. पण एखाद्या जर्मनाकडे जेवायला जा. मग बोला."

परत येताना ट्राममध्ये मी म्हटलं, "बाई, त्याचा चेहरा उतरला."

"उतरू दे. चढवून घेईल पुन्हा. हुशार आहे." आणि थोड्या वेळानं, "मी जरा जास्त बोलले का?"

मी प्रसादाची पिशवी मांडीवर सारखी केली. "या, या, बोलले," त्या स्वतःशीच जर्मन 'या', म्हणजे 'हो', घोळवत म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आता माझं. नोव्हेंबर उजाडला. माझी सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे पारखून बघायची मुदत, त्याच महिन्याच्या शेवटाला संपत होती. या मुदतीत कारण न देता काढता येतं. आणि राहिले, तर फ्राऊ बाउअर मला पुढं वर्षाच्या कोर्सला पाठवणार होत्या. शाळेतून उठलेल्या मला पुन्हा शाळा! हे मी घरीसुद्धा मोठ्यानं बोलत नव्हते.

महिन्याच्या वजनाच्या दिवशी फ्राऊ लिंडनर वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि फ्राऊ बाउअरच्या कपाळावर आठी पडली. वजन फारच उतरलं होतं. त्याच दिवशी सफाईवालीला त्यांच्या कपाटाच्या खणात पाव सापडले. कागदी रुमालात एकेक नीट गुंडाळलेले, काहींना बुरशी आलेली. दुपारच्या पाळीचे पंधरा दिवसांचे रिपोर्ट काढले. माझे. समाधानी होत्या, चांगलं जेवल्या. समाधानी होत्या, चांगलं जेवल्या.

"फ्राऊ शिंदे," फ्राऊ बाउअर म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काय पाहिलंत, कधी पाहिलंत, शुक्रवारपर्यंत मला लिहून द्या. सोमवारी आपण बसू."

खरं म्हणजे मी पाव पाहिले होते. पहिल्यांदा दिसलं तेव्हा फ्राऊ लिंडनरनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आमच्या कॉफीच्या खोलीत सगळ्या म्हणायच्या, ही महायुद्धात उपाशी राहिलेली पिढी, पाव दिसला की लपवतात. मला भरून आलं. माझ्या आईपेक्षा मोठी बाई, तिच्याबद्दल 'पाव लपवून ठेवते' असं लिहायचं? आमच्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कुणी चौकशी केली, तर सून म्हणते, 'बरं आहे, जेवतात दोन घास.' मग आत काहीही चाललेलं असो. घरातल्या मोठ्यांचं उणं चारचौघांत मांडायचं नाही, आणि लिहून तर त्याहून नाही. मी टॅबवर तेच करत होते. मला वाटत होतं, मी चांगलं वागतेय.

त्या आठवड्यात मला सकाळची पाळी होती. दोनला सुटले आणि बाई आल्या तशी थेट बारा नंबरात.

"बाई, तुम्ही लिहून द्या. तुमच्या जर्मनला कोण बोट लावणार? मी फक्त सही करते."

"नाही."

"बाई, पाया पडते..."

"खाली फरशी ओली आहे. बस इथं." त्यांनी पुस्तक मिटलं. "कडवटाकडे लढाईच्या आधी दोन्हीकडचे सेनापती भाषण करतात. पानभर. तो रानातला जर्मन सरदारसुद्धा असं बोलतो, की रोमचा वकील लाजावा. कुणी लिहिलं ते? कडवटानं, टेबलाशी बसून. तो सरदार खरा काय बोलला, कुणास ठाऊक. नुसतं 'चला रे' म्हणाला असेल. आज तो सरदार आपल्याला भेटतच नाही, भेटतो तो कडवट. मी लिहिलं तर तुझ्या तोंडात माझं भाषण होईल. फ्राऊ बाउअर दोन ओळींत ओळखेल, आणि मग तुझं खरंही तिला खोटं वाटेल."

मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "डीटर, तिला रुमाल दे." हेर केलरांनी गळ्याला बांधलेला जेवणाचा रुमाल सोडून मला दिला. त्यावर गुळपापडी होती.

त्या दिवशी मी घरी जाऊन लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी आणलं. 'फ्राऊ लिंडनर फार हट्टी व लबाड आहेत. त्या मला फसवत होत्या.' बाईंनी वाचलं, चष्मा काढला.

"ही परवापर्यंत समाधानी होती ना?"

"हो."

"आणि आज लबाड झाली. तिच्यात काय बदललं?"

"काही नाही."

"तुझ्यात?"

"मला भीती वाटायला लागली."

"तेवढंच. रोममध्ये हेच चालायचं. सम्राट जिवंत आहे तोवर देव, मेला की राक्षस, म्हणजे नव्या सम्राटाला बरं वाटेल. पाळी बदलली की रिपोर्ट बदलला. वाचत गेलं की वाटतं, रोमला एक बरा आणि एक वाईट असे पाळीपाळीनंच राजे मिळत होते. मधला माणूस कुणी लिहिलाच नाही." मग लगेच मान हलवून, "नाही, असं म्हणू नये. कडवटाच्या हातून तो कधी कधी निसटून दिसतो. त्याची इच्छा नसताना. तेवढ्यासाठीच मी त्याला अजून वाचते."

माझा कागद त्यांनी चार घड्या करून मलाच परत दिला. "आता मराठीत सांग. पाव कसा लपवायच्या?"

"रुमालात गुंडाळून."

"अख्खा?"

"नाही... मधला मऊ भाग खायच्या. कडा गुंडाळायच्या."

बोट डोळ्याखाली गेलं. "पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणखी काय लपवलं?"

"एकदा मांसाचा तुकडा. दोनदा सफरचंदाच्या फोडी."

"सूप?"

"सगळं प्यायच्या."

"पुडिंग?"

"वाटी पुसून खायच्या हो. बटाट्याचं मऊ केलेलंही खायच्या."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं होतं, हे मला दिसलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पुढं."

"जेवण झालं की गालाला हात लावून बसायच्या."

"कुठल्या?"

मला सांगता येईना. मी फ्राऊ लिंडनरसारखी खुर्चीत वाकून बसले, तेव्हा माझा डावा हात आपोआप वर गेला. "डाव्या."

"आणि ते लढाईतलं उपाशी राहणं?"

"सगळ्या म्हणतात."

"फ्राऊ लिंडनर म्हणाली?"

"नाही."

बोट कानाच्या पाळीला. "मग तेही लिही. 'सहकारी असं म्हणतात, म्हणून मला वाटलं. फ्राऊ लिंडनर यांनी मला असं कधी सांगितलेलं नाही.' आणि तू पंधरा दिवस खोटं लिहिलंस, तेही लिही. ते तर तू स्वतः पाहिलेलं आहे."

"बाई, शेवटी निष्कर्ष काय लिहू?"

"काही नाही. तो वाचणारीचा. तिच्यासाठी काहीतरी ठेव."

मी ते पाच वेळा लिहून काढलं. बाईंनी दोनच शब्द सुधारले, जिथं माझं म्हणणं नेमकं उलटं होत होतं. बाकीच्या चुका तशाच. मी म्हटलं, लाज वाटते. त्या म्हणाल्या, "राहू दे. त्यांच्यावरून कळतं, की माणूस कोण आहे."

सोमवारी फ्राऊ बाउअरनी माझा कागद वाचला. एकदा, मग परत पहिल्यापासून. मग उठल्या आणि खोलीबाहेर गेल्या. मला वाटलं, काढल्याचं पत्र आणायला गेल्या. मी मनातल्या मनात घरी यांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागले. तीही पाठच करत होते.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोजे होते, कागद नव्हता.

"खालच्या कवळीखाली जखम आहे. डावीकडं." त्यांनी बोटानं दाखवली एवढी, मसुराच्या दाण्याएवढी. "ती चावू शकत नाही. आणि सांगायला लाजते, कारण कवळी नवी आहे आणि मुलानं करून दिली आहे. आत्ता बोलली." त्या खुर्चीत बसल्या. "फ्राऊ शिंदे, तुमचे पंधरा दिवसांचे रिपोर्ट कचरा आहेत. हे तुम्हाला माहीत आहे. पण हा कागद मी मजल्यावरच्या सगळ्यांना वाचायला देणार आहे. सहा जणींनी पाव पाहिले असणार. कडा कुणी पाहिल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरना फोन केलाय. तुम्ही कामाला जा."

"म्हणजे... मी राहू?"

"कोर्सचा फॉर्म डिसेंबरात भरायचा असतो. आत्ता जा, सात नंबरची बेल वाजतेय."

मी सात नंबरात गेले, बेल बंद केली, पाणी दिलं. मग धुतलेल्या चादरींच्या खोलीत गेले आणि घड्यांच्या गठ्ठ्यावर बसले. नववीपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून चालायला लागल्यासारखं वाटलं.

डॉक्टर येऊन गेल्यावर बाईंना सांगितलं तर अभिनंदन नाही, काही नाही. "फ्राऊ लिंडनर कशी आहे?"

"आता बरी आहे."

बोट डोळ्याखाली. मग कानाला.

मी धावत गेले, जेवणाच्या टेबलाशी उभी राहिले, परत आले. "बाई, डॉक्टरांनी कवळी घासून दिली. आज पावाच्या दोन कडा खाल्ल्या. तिसरी बशीत ठेवली. उघडी. लपवली नाही."

"हं. आता बरी आहे." आणि मग गुळपापडीचा आठवा तुकडा, जो बाकीच्या सातांसारखाच हेर केलरांचा असायचा, तो मला दिला. "या सगळ्या पुस्तकांत सम्राट आहेत, सेनापती आहेत, त्यांच्या बायका, त्यांचे घोडेसुद्धा. पण सम्राटाला भरवणारी गुलाम बाई कुठं आहे? ती येते फक्त जेवणात विष निघालं तर. तिला दोन ओळी लिहिता आल्या असत्या ना सुरेखा, तर रोम आपल्याला वेगळं दिसलं असतं. तो दुष्ट सम्राट कुठल्या दातानं चावत होता, ते तिला ठाऊक असणार."

बाई अशा. पण एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितली नाही तर मीही 'समाधानी होत्या'च लिहिलं असं होईल. रोज साडेचारला निघताना त्या मजल्यावरच्या कुणालातरी सांगायच्या, "आज डीटरनं मला ओळखलं." कधी नर्सला, कधी लिफ्टपाशी उभ्या असलेल्या माणसाला. आम्हाला माहीत होतं, की हेर केलर त्यांना उन्हाळ्यापासून ओळखत नव्हते. कुणी काही बोलत नसे. चौतीस वर्षं पोरांना ती खूण करणाऱ्या बाईंना उलट खूण कोण करणार?

जानेवारीत एक दिवस त्यांनी कोट घातला, पण निघाल्या नाहीत. "सुरेखा, डीटरचा रिपोर्ट वाचून दाखव." त्या त्यांच्या कायद्यानं नेमलेल्या पालक होत्या, बघायला हरकत नव्हती. पण मी टॅब उलटा करून छातीशी धरला. कालचा रिपोर्ट माझ्याच हातचा होता.

"बाई, उद्या वाचू का?"

"आज."

मी वाचलं. 'दुपारी पत्नी भेटायला आल्या. श्री. केलर यांनी पत्नीला दोनदा विचारलं, आपण कोण. पत्नीने नाव सांगितलं. श्री. केलर म्हणाले, सुंदर नाव आहे. त्यानंतर वीस मिनिटं त्यांनी पत्नीचा हात धरून ठेवला. पत्नी निघताना त्यांनी हात सोडला नाही. दोन वेळा सांगावं लागलं.'

बाई उभ्या होत्या त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. मग बोट सावकाश डोळ्याखाली गेलं. नुसतं डोळ्याखाली.

"पाहिलं, बाई," मी म्हटलं. "मी दारात उभी होते."

"दोन वेळा सांगावं लागलं?"

"दोन वेळा."

"मला एकदाच आठवत होतं." त्यांनी सपाता पलंगाखाली सरकवल्या, बूट घातले. त्या दिवसानंतर 'आज मला ओळखलं' असं त्या कुणालाही म्हणाल्या नाहीत. निघताना मला विचारायच्या, "आज हात सोडायला किती वेळा सांगावं लागलं?" मी जेवढं पाहिलेलं असेल तेवढं सांगायचे. कधी दोनदा, कधी एकदाही नाही. ऐकून त्या मान हलवायच्या आणि बस पकडायच्या. पाऊल हलकं पडायचं, असं मला वाटायचं. पण हे वाटणं आहे, तेवढंच धरा.

मार्चमध्ये हेर केलर गेले, सकाळी, खिडकीकडे तोंड करून. घाबरले नाहीत, दुखलं नाही. मी जवळ होते, म्हणून हे लिहू शकते. बाईंना फोनवर तेवढंच सांगितलं आणि त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

त्यांची मुलगी म्युनिकजवळ गार्चिंगला एका संशोधन संस्थेत आहे. तिनं आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. "मी तिला मराठीत रागावते, ती मला जर्मनमध्ये. दोघींना सगळं कळतं, म्हणून भांडण मिटतच नाही," बाई म्हणाल्या. न्यायला मुलगी येणार होती, पण बाईंनी तिला म्युनिकच्या स्टेशनवरच थांबायला सांगितलं. इथून गाडीत बसवायला मी गेले. कडवट, चावट आणि आजोबा एका चाकांच्या बॅगेत होते; बॅग उचलताना कळलं, तिघं मिळून केवढे जड आहेत.

"तुझ्या फ्राऊ बाउअरच्या यादीत नाव घातलंय मी," फलाटावर त्या म्हणाल्या. "गार्चिंग तात्पुरतं आहे. पाय थकले की दुसऱ्या मजल्यावर येणार. खोली कुठलीही चालेल, बारा नंबर सोडून." मग माझ्याकडे बघून, "नाही, बाराच बरी. खिडकी चांगली आहे."

मला खूप बोलायचं होतं. पाठ केलेलं सगळं विसरले. गाडी वेळेवर आली, यावर त्या हसल्या. आत जाऊन खिडकीशी बसल्या. काच बंद होती, ऐकू काही येत नव्हतं. गाडी हलताना मी हात हलवत होते, तर त्यांनी हात हलवला नाही. बोट डोळ्याखाली टेकवलं, मग कानाला, आणि भुवया वर. हिरवा कोट, पांढरं डोकं, आणि ते वर उचललेलं बोट. मी माझं बोट डोळ्याखाली लावलं आणि गाडी वळेपर्यंत तसंच ठेवलं. शेजारी उभा असलेला माणूस माझ्याकडे बघत होता, बघू दे.

सप्टेंबरपासून माझा कोर्स सुरू होतोय. वह्या आणल्या आहेत. भीती वाटते, पण ती आता हातभर लांब बसते.

बाई, तुम्ही माझ्यासाठी केलंत त्याची परतफेड आत्ता माझ्याजवळ नाही. पण तुम्ही याल त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर मी असेन. गुळपापडीचे आठ तुकडे मी करीन. तुम्ही कुठल्या दातानं चावता, ते बघीन. संध्याकाळी तुमचा रिपोर्ट मीच लिहीन, आणि 'समाधानी होत्या' हे तेव्हाच लिहीन, जेव्हा मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल.